भिंतीवरून गळ

वहिनी, कोपऱ्यावरच्या साहेबांकडे काल लांबडा खोका आला ना, तो पडद्याच्या दांड्यांचा नव्हे हो. मासे धरायची काठी आहे. बारा फुटी! आमच्या ह्यांना मुद्दाम बोलावून दाखवली. हे घरी आले आणि जेवताना काही बोलेनात, तेव्हाच मी ओळखलं, आता आपल्या दारातही खोका उतरणार. आणि आज सकाळी तुम्ही कपडे वाळत घालत होतात तेव्हा आतून भाऊजींचा आवाज आला, "सात फुटी घेऊ की बारा फुटी?" म्हणजे साथ भिंत ओलांडून तुमच्याकडेही आली म्हणायची.

थांबा, मी स्टूल घेऊन येते. ही भिंत बांधणाऱ्याने बायकांच्या उंचीचा विचारच केलेला नाही.

हं, आता सांगा, भाऊजी मासे धरणार कुठे? काठीचं नंतर बघू, आधी पाणी कुठलं ते ठरू दे. इथे रुस्ताकला गोडं पाणी आहे, पण ते बघायला. आपला फलज अल मुयस्सर, पाण्याचा तो जुना पाट, युनेस्कोच्या यादीतला. ओमानमधले पाच फलज २००६ साली त्या यादीत गेले, त्यातला एक. कुणाच्या बागेला किती वेळ पाणी, हे तिथे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. अशा पाण्यात परक्या माणसाने गळ सोडून बसायचं, हे बरं दिसतं का? ऐन अल कस्फाचा झरा पंचेचाळीस अंशांच्या आसपास, तिथे मासा मिळालाच तर उकडलेला मिळेल. राहिल्या वाद्या, म्हणजे इथले डोंगरातले ओढे. वादी हुकैनला तुम्ही पाय सोडून बसला होतात, तेव्हा ते बोटभर मासे येऊन टाचा कुरतडत होते, आठवतं? तुम्ही किंचाळलात ते अख्ख्या वादीने ऐकलं. त्यांना गारा म्हणतात. डोंगराच्या पलीकडे अल हूताच्या गुहेत त्यांचेच आंधळे भाऊबंद राहतात, अंधारात डोळ्यांचा उपयोगच नाही म्हणून डोळेच गेलेले. त्यांच्यावर काय काठी चालवायची? त्यांना आपल्या टाचा खाऊ द्याव्यात आणि घरी यावं.

म्हणजे भाऊजींची काठी चालणार सुट्टीत, इंदापुरात. उजनीच्या पाण्यावर. बरोबर ना? मग निम्मा प्रश्न इथेच सुटला. साहेबांची बारा फुटी आहे मुसन्नाच्या किनाऱ्यावरून लाटांच्या पलीकडे शिसं भिरकावायला. पाऊण तास गाडी हाणली की समुद्र, तिथे ती शोभते. तीच काठी उजनीच्या काठावर नेऊन पुढे मटारच्या दाण्याएवढं शिसं आणि कणकेची गोळी लावली, तर काठी वाकणारच नाही. काठी वाकली पाहिजे, वहिनी. मागे नेऊन पुढे झोकताना ती आमिषाच्या वजनाने वाकते आणि सरळ होताना आमिष लांब फेकते. वजन हलकं आणि काठी ताठ असली की गोळी पायापाशी पडते. मग माणूस जोर लावतो, आणि गोळी गळावरून सुटून एकटीच पाण्यात जाते.

हे दुकानात कसं ओळखायचं, म्हणता? मुठीच्या वर बोटभर अंतरावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. लांबी किती, किती ग्रॅम वजन फेकायला आहे, किती ताकदीचा दोरा चालतो. कुठल्या काठीवर ५ ते २० ग्रॅम, कुठल्या काठीवर १०० ते २००. दुकानदार काहीही सांगो, ते वाचायचं. भाऊजींना चष्मा न्यायला सांगा. उजनीच्या काठावरून चिलापी, मधूनच एखादा रोहू, एवढं करायचं तर साडेसहा-सात फूट, दहा ते तीस ग्रॅमच्या आत-बाहेर, मधल्या ताकदीची किंवा त्याहून किंचित हलकी. एवढंच. भाऊजींना म्हणावं, मासा किनाऱ्याजवळच खातो, माणसालाच लांब फेकायची हौस.

काचतंतूची घ्यायची की कार्बनची, यावर आमच्याकडे दोन दिवस महाभारत झालं. काचतंतूची, म्हणजे फायबरची, जड असते, पण मुलाने पाय दिला, गाडीच्या दारात सापडली, तरी बहुधा निभावते. कार्बनची हलकी, हातात धरली की मासा चोच मारतो तेही बोटांना कळतं. पण टोक कशावर आपटलं की आतून चीर पडते, बाहेरून दिसत नाही, आणि नेमका मोठा मासा लागला की कट्. नवशिक्याने दोन्ही मिसळलेली घ्यावी असं माझं मत. आणि एक गोष्ट मात्र भाऊजींना हात धरून सांगा, ही गप्पांतली नव्हे. कार्बनमधून वीज जाते. आपल्याकडे नदीकाठच्या मोटारींच्या तारा कशा लोंबत असतात ते इंदापूरवाल्यांना मी काय सांगू? काठी उभी खांद्यावर टाकून त्या तारांखालून चालायचं नाही. आडवी, खाली धरून जायचं. आणि आभाळात गडगडलं की काठी खाली ठेवून घरी यायचं, मग मासा लागलेला असो नाहीतर नसो.

दुर्बिणीसारखी आत सरकणारी काठी घ्यावी, बॅगेत मावते, असं भाऊजींच्या डोक्यात आहे का? होतंच. पुरुषांना ती फार आवडते. एकात एक सरकवत बसतात. पण इथली वाळू बघा. एक कण सांध्यात गेला की काठी निम्म्यातच अडकते, मग दोघं दोन्ही टोकांना धरून ओढतात. तीन-चार तुकड्यांची प्रवासातली काठी मिळते, सात फुटांची असली तरी एकेक तुकडा हातभर, बॅगेत कपड्यांच्या मधे जातो. दोन तुकड्यांची आणखी चांगली, पण तिला प्लंबरकडचा दोन इंची पाइप घ्यावा लागतो, दोन्ही टोकांना बूच. आम्ही तसंच नेतो. बूच लावताना आत जुने मोजे कोंबायचे, म्हणजे कड्या आपटत नाहीत. मस्कतच्या विमानतळावर एकदा तपासणीवाल्याने पाइप उघडायला लावला आणि आतून ह्यांचे मोजे निघाले. त्याने पुढे काही विचारलं नाही. गळ आणि चाकू-पकड मात्र चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या पिशवीत एक गळ राहिला तरी तो तिथेच काढून ठेवायला लावतात.

कड्यांकडेही बघायचं, म्हणजे काठीवरून दोरा जातो त्या. आत चिनीमातीसारखं गुळगुळीत अस्तर असतं. सुती कापडाचा तुकडा किंवा कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवायचा. एखादा धागा अडकला की कडीला खरचटा आहे, ती दोरा कापणार. दुकानदार बघत राहतो, राहू दे. साडी घेताना आपण काठ उलटा करून बघतोच ना.

आता रीळ. इथे खरे पैसे घाला. काठीत फसलात तर हात दुखतो, रिळात फसलात तर मासा जातो.

पलीकडच्या ओळीत तो बॅचलर राहतो ना, प्रयोगशाळेतला, त्याने व्हिडिओ बघून बघून ते काठीच्या वर बसणारं रीळ घेतलं. दिसायला देखणं, एखाद्या दागिन्यासारखं. पण त्यात चकतीच गरगर फिरते आणि आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने तिला थोपवावं लागतं. अंगठा चुकला की चकती फिरतच राहते, दोरा पुढे जायला जागा नाही, आणि रिळावर जटा. त्याने संध्याकाळभर आपल्या गल्लीत त्या जटा सोडवल्या, शेवटी कात्री मागायला आमच्याकडेच आला. ते रीळ वाईट नाही हो, हात बसलेल्याच्या हातात उत्तम. नवशिक्याने घ्यायचं ते काठीच्या खाली लोंबणारं. त्यात चकती स्थिर असते, दोरा तिच्या कडेवरून आपोआप सुटत जातो आणि आमिष थांबलं की दोराही थांबतो.

खाली लोंबणारं म्हणजे खाली, बरं का. साहेबांनी काल काठी हातात घेऊन दाखवली तेव्हा रीळ वर, दांडी उलट्या बाजूला आणि फिरवतायत मागे. आमचे हे सौजन्याने गप्प राहिले. मी तिथे असते तर राहिले असते का? रीळ काठीखाली, दोन बोटं त्याच्या पायाच्या पुढे, दोन मागे. उजवा हात काठीला आणि दांडी डावीकडे. दांडी उजवीकडे लावलेली आली तर काढून डाव्या बाजूला बसवता येते, त्याला कारागीर लागत नाही. नाहीतर फेकल्यावर दर वेळी हात बदलायचा, तेवढ्यात मासा आमिष खाऊन ढेकर देतो.

रिळावर आकडे असतात. १०००, २५००, ४०००. तो त्याचा आकार समजायचा, जेवढा आकडा मोठा तेवढं रीळ मोठं. सात फुटी काठीला २५००, फार तर ३०००. साहेबांनी बारा फुटीला ८००० लावलंय, ते त्या काठीला ठीकच. दुसरा आकडा असतो ५.२:१ वगैरे. दांडी एकदा फिरवली की पुढची चाकी पाचावर थोडी फिरते, एवढाच अर्थ. पाचाच्या आसपासचं घ्यावं, फार वेगवान नको. आणि बेअरिंग किती आहेत ते मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहितात, दहा काय, बारा काय. त्याला भुलायचं नाही. चार चांगली बारा भिकारांपेक्षा बरी.

बघायचं असतं ते दुसरंच. दांडी हळू, अगदी हळू फिरवायची. कुठे खडखड लागते का, अडकते का. दोरा सोडताना जी तारेची कमान उघडतो, ती हाताने बंद करायची सवय लावून घ्यायची, दांडी फिरवून खटकन नव्हे, नाहीतर तिची स्प्रिंग लवकर जाते आणि दोऱ्याला पीळ पडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो पुढचा गोल खटका. ड्रॅग म्हणतात. मोठा मासा जोरात पळाला की दोरा तुटू नये म्हणून रिळाने दोरा आपणहून सोडायला हवा. तो कसा सोडतो तेच बघायचं. दुकानातच थोडा दोरा चढवायला सांगून हाताने ओढा. सुर्र करून एकसारखा आला तर रीळ घ्या. अडखळत, झटके देत आला तर डबीत परत. दोरा तुटतो तो अशा झटक्यालाच.

ड्रॅग किती कसायचा हे पुरुष कधी विचारत नाहीत, पूर्ण आवळतात. आवळलं की मजबूत, असा त्यांचा हिशोब. दोऱ्याच्या ताकदीचा साधारण पाव भाग, फार तर तिसरा हिस्सा. दहा पौंडी दोरा म्हणजे साडेचार किलोंचा, त्याचा पाव म्हणजे किलोच्या थोडं वर. मग मोजायचं कसं? आपल्याकडे पाण्याच्या बाटल्यांना तोटा आहे का? एक लिटरची भरलेली बाटली दोऱ्याला बांधायची, काठी बाजूला ठेवून रीळच हातात धरायचं आणि बाटली जमिनीवरून सावकाश उचलायची. बाटली लोंबत राहिली आणि वरून हाताने जरा खाली ओढताच दोरा सुटू लागला, की झालं. मी हे स्वयंपाकघरात करून दाखवलं तेव्हा ह्यांना वाटलं, ही कुठून शिकली? कुठून शिकणार? माहेरी कुडाळला वहाळाच्या काठी आजी बांबूच्या कामटीला तंगूस बांधून गरवायला बसायची. रीळ तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मासा मोठा लागला की ती काठीच पाण्यात सोडून द्यायची आणि काठाकाठाने चालत जाऊन थकलेल्या माशासकट उचलायची. ड्रॅग आणखी काय वेगळा असतो!

दोऱ्याचं राहिलं. साधा नायलॉन, तंगूस. पाव मिलिमीटर जाडीचा, आठ ते दहा पौंडी. विणलेला दोरा म्हणून मिळतो तो बारीक आणि भयंकर मजबूत, पण ताणत नाही, झटका खपवून घेत नाही, बोट कापतो आणि गाठीतून सरकतो. शिकणाऱ्याला ताणणारा दोराच हवा, चुकलेल्या हिसक्याला तो सांभाळून घेतो. रिळावर भरताना चकतीच्या काठापासून दोन मिलिमीटर जागा ठेवायची. काठोकाठ भरला तर वेटोळी एकदम सुटतात, कमी भरला तर काठाला घासून आमिष जवळ पडतं. भरताना ओल्या फडक्यातून चिमटीत धरून ताणून भरायचा. हे काम नवऱ्याने दांडी फिरवायची आणि बायकोने फडकं धरायचं, असं आहे. भांडण होतं, पण होतो भरून.

तयार जोडी घेतली, काठीवर रीळ, रिळावर दोरा, तरी तो आधीचा दोरा काढून टाका. किती महिने दुकानाच्या काचेत उन्हात बसलेला असतो देव जाणे. ऊन आणि उष्णता नायलॉनला खातात. म्हणूनच सांगते, काठी आणि रीळ गाडीत ठेवू नका. जूनमध्ये आपल्या गाडीत डाळ शिजेल, तिथे दोरा काय टिकणार. आणि भाऊजींना मुसन्नाला समुद्रावरही एकदा हात करायचा असेल तर करू देत, लहान माशाला हीच काठी चालते. परवाना काय लागतो तेवढं आधी विचारून घ्यावं, आणि पंधरा ऑगस्ट ते पंधरा ऑक्टोबर सुरमईवर बंदी असते, तेव्हा तिचं नाव काढू नये. पण घरी आल्यावर ड्रॅग आवळून, रीळ नळाच्या संथ धारेखाली धुवायचं, पुसायचं, मग ड्रॅग सैल करून ठेवायचा. जोरात पाणी मारलं तर मीठ आतच जातं.

गाठ मला इथून दाखवता येणार नाही, द्या इकडे तो कपड्यांचा चिमटा आणि दोरी. ही बघा, चिमट्याचं भोक म्हणजे गळाचं नेढं. दोरा ओवला, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा पीळ दिले, शेपूट नेढ्याजवळच्या पहिल्या फासातून घातलं, मग या मोठ्या फासातूनही. आता थुंकी लावायची. हसू नका, कोरडा ओढला तर घर्षणाने दोरा तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. ओलं करून सावकाश आवळायचं आणि शेपूट कापायचं. बघा, ओढा. सुटतंय?

गळाचा आकडा उलटा असतो. दहा नंबरचा लहान, चार नंबरचा मोठा. चिलापीचं तोंड इवलंसं, तिला आठ किंवा दहा. रोहूला सहा-चार. लोकांना वाटतं मोठा गळ लावला की मोठा मासा येईल. चिलापी त्या गळावरची कणीक चारी बाजूंनी चाटून जाते आणि माणूस म्हणतो आज मासे नाहीत. गळाचा आतला काटा पकडीने दाबून टाकला तर सोडायचा मासा झटकन सोडता येतो, आणि पोराच्या बोटात गेला तर तोही निघतो. पोरं बरोबर असणारच तुमची.

सोडायचा म्हणजे? अहो, भाऊजी जाणार जूनमध्ये. पाऊस पडला की रोहू-कटला अंड्यावर असतात. कोकणात तर चढणीचे मासे पकडायला अख्खा गाव रात्री कंदील घेऊन ओहोळात उतरतो आणि पोटात अंडी असलेले मासे टोपल्या भरभरून आणतो. चव असते, मान्य आहे. मीही खाल्लेत. पण पुढच्या वर्षी मासे कमी झाले म्हणून रडणारेही तेच असतात. पोट फुगलेली मादी लागली तर ओल्या हाताने धरून परत सोडावी. चिलापीला मात्र दयामाया नको. ती आपली नव्हेच, आफ्रिकेची. १९५२ साली आपल्या देशात आणली आणि उजनीपर्यंत पसरली. बारा महिने पिलं काढते, पिलं तोंडात सांभाळते, इतर माशांच्या वाट्याचं खाते. कितीही धरा. भिगवणला तळून काय मिळते, माहितीये ना तुम्हाला? त्या हायवेवरच्या ताटासाठी पुण्याची माणसं गाड्या काढतात. पण भाऊजींना सांगा, पुण्याचं सांडपाणी जिथून येतं त्या टोकाला बसून धरलेला मासा मी तरी खाणार नाही. खाली, पळसदेवच्या बाजूला बसावं. पाणी उतरलं असेल तर पळसनाथाचं देऊळही वर आलेलं असेल.

आणि पाण्यावर जाऊन लगेच काठी बाहेर काढायची नाही. आपल्याकडे धरणांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. गावात विचारायचं, कुणाचं पाणी आहे, बसू का. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्या जाळ्यात आपला गळ अडकला तर ते बोलणारच, आणि त्यांनी बोलावंच. विचारून बसलं तर उलट तेच सांगतील, कुठे खोल आहे, कुठे बुडालेली झुडपं आहेत. मुंबईत पवई तलावावर तर मासे धरणाऱ्यांची रीतसर संस्था आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. तिथे सभासद होऊन बसता येतं. पण तिथे मगरीही आहेत, तेव्हा पाय पाण्यात सोडून बसू नये.

महासीर? भाऊजींनी महासीरचं नाव काढलं? बघा, हेच ते. एकाही चिलापीला गळ लावलेला नाही आणि नजर महासीरवर. खडशी म्हणा की महासीर, कर्नल साइक्स नावाच्या साहेबाने १८३९च्या सुमारास पुण्याच्या मुळा-मुठेतल्याच या माशाचं वर्णन लिहून ठेवलं. आता मुठेत कुठला महासीर? लोणावळ्याला वळवणला टाटांच्या धरणाशी त्याची पिलं तयार करून देशभर सोडतात, तेव्हा कुठे तो उरलाय. महाडजवळच्या वाळणकोंडीला आणि वाड्याजवळच्या तिळशाला देवाचे म्हणून राखलेत, लोक मुरमुरे टाकतात आणि हातभर मासे वर येतात. तिथे गळाचं नावसुद्धा काढायचं नाही, गाववाले पाण्यात टाकतील. तो लागला तर खडकांतून असा पळतो की २५०० चं रीळ रडायला लागेल. दहा वर्षांनी बघू म्हणावं.

तोवर काय करायचं? सराव, आणि तो मात्र रुस्ताकमध्ये फुकट होतो. मागच्या मोकळ्या जागेत गळ न लावता दोऱ्याच्या टोकाला जुना नट बांधायचा आणि दूरवर परात ठेवायची. आधी दहा पावलांवर, मग वीस. डोक्यावरून नव्हे, थोडं बाजूने, आणि दोरा बोटाच्या टोकाने सोडायचा. लवकर सोडला तर नट आभाळात, उशिरा सोडला तर पायापाशी. परात वाजली पाहिजे. संध्याकाळी उन्हं उतरली की करावं, वाळक्या वादीच्या पात्रातही चालेल. पण डोंगरावर ढग दिसले तर वादीत पाऊल नको, इथे आभाळ कोरडं असताना वरून पाणी येतं. आमचे हे सराव करतात तेव्हा मी मुद्दाम माझी स्टीलची परात देत नाही, अॅल्युमिनियमची देते.

आणि खरं सांगू? रीळ घ्यायच्या आधी आजीसारखी नुसती काठी घेतली तरी चालतं. चार मीटर लांब, कड्या नाहीत, रीळ नाही, टोकाला दोरा बांधला, बूच, बारीक शिसं, गळ. काठालगत चिलापी एवढ्यानेच निघते. तुमच्या धाकट्याला तीच द्या. बघा, बापाच्या आधी पोरगं मासा काढतं की नाही.

आमिष? त्याची काळजी नको, कणीक घट्ट मळायची, थोडं बेसन, चिमूटभर हिंग. हिंगाची डबी मात्र तुमच्या हातात ठेवा, पुरुष अख्खी डबी ओततात आणि मग घरभर वास, पाण्यात गोळी विरघळते ती वेगळीच. गोळी हरभऱ्याएवढी, गळाचं टोक जरा दिसेल अशी. गांडूळ मिळालं तर गांडुळाला तोड नाही, पण ते तुम्ही हातात घेणार नाही, मला माहीत आहे.

मस्कतला कधी जाताय म्हणालात? शुक्रवारी? मग मागच्या सीटवर माझी जागा ठेवा, जाताना मत्र्याच्या मासळी बाजारातही डोकावता येईल. दुकानात मी बोलते. भाऊजींनी चष्मा घालून काठीवरचं वाचायचं, तुम्ही कापसाचा बोळा न्यायचा, आणि बारा फुटीकडे कुणी हात नेला की आपण दोघींनी मिळून खोकायचं.